बरा न होणारा आजार आणि उरलेले जगणे
(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने हा विषय सुचविला तेव्हा मी प्रथम म्हटले की, यासाठी एखाद्या डॉक्टरांना बोलवा. मी बँकेतला क्लार्क, शिक्षण बी. ए., तेही इतिहास आणि मराठी घेऊन. त्यावर सचिव म्हणाले, "डॉक्टर रोगाविषयी बोलतील. आम्हाला रोग झालेल्या माणसाविषयी ऐकायचे आहे, आणि तो माणूस तुमच्या काउंटरसमोर उभा राहतो." ते खरे आहे. बदल्यांच्या निमित्ताने माझी नोकरी अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत झाली. पेन्शन काढायला, मुदतठेव मोडायला, सोने सोडवायला किंवा गहाण टाकायला जी माणसे येतात, त्यांच्यापैकी काहींच्या हातात एक्स-रेची मोठी पिशवी असते. ती पिशवी पाहिली की पुढचे बरेच न सांगता कळते.

आज मी ज्या कर्करोगाविषयी बोलणार आहे, तो बरा न होणारा. सर्वच कर्करोग तसे नसतात, हे आधीच स्पष्ट करतो. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर सापडला तर माणूस बरा होतो आणि पुढे अनेक वर्षे जगतो. परंतु आपल्याकडे पुष्कळ लोक उशिरा जातात आणि मग डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगतात की, आता आजार आटोक्यात ठेवता येईल, पण मुळासकट जाणार नाही. इथे बहुतेकांची एक समजूत होते की, आता सगळे संपले. प्रत्यक्षात तिथून पुढे काही महिने, कधी काही वर्षे तो माणूस जगत असतो. त्याला भूक लागते, राग येतो, क्रिकेटचा स्कोर विचारावासा वाटतो, वावरात कपाशीला बोंडे किती लागली हे बघावेसे वाटते. या काळाविषयी आपण बोलतच नाही. मरणाविषयी बोलतो, उपचाराविषयी बोलतो, आणि मधल्या माणसाला वगळतो.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी यावलीला झाला. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. खंजिरीच्या तालावर गावोगाव स्वच्छता, श्रमदान आणि व्यसनमुक्ती सांगणारा हा आवाज अवघ्या वऱ्हाडाने ऐकला होता. त्यांना अखेरच्या काळात कर्करोगाने गाठले. उपचार झाले, पण उपयोग झाला नाही, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजातच त्यांचे निधन झाले. म्हणजे या मातीतल्या सर्वांत परिचित माणसाचा मृत्यू कोणत्या रोगाने झाला, हे अर्धशतकाहून अधिक काळ सगळ्यांना माहीत आहे. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. तरीसुद्धा आपल्या घरात त्या रोगाचे नाव घेतले जात नाही. "त्याईले तुकडोजीले नेलं होतं," एवढेच म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याने मान हलवायची. कोणी "मोठा आजार" म्हणते, कोणी "गाठ" म्हणते. केमोथेरपीला "ताकदीचं सलाईन" म्हणणारी घरे मी पाहिली आहेत.

हे लपवणे प्रेमापोटी असते, यात शंका नाही. मुलगा डॉक्टरांच्या पाया पडून सांगतो, "बाबाले सांगू नका जी, ते खचून जातीन." परंतु बाबांना वाचता येते. रुग्णालयाच्या दारावरची पाटी त्यांनी वाचलेली असते. वाचता येत नसले तरी शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सांगितलेले असते. आणि जो मुलगा आजवर कधी पाय चेपायला बसला नाही, तो अचानक रोज रात्री पाय चेपू लागला की कोणताही बाप काय ते समजतो. एका सेवानिवृत्त शिक्षकांनी मला काउंटरवर हळूच सांगितले होते, "मले काय झालं ते मले माहीत हाय. पन पोरायले वाटते का मले माहीत नाही. त्याईले तसंच वाटू द्या." आता यात कोण कोणाला सांभाळत होते? दोन्हीकडून नाटक चालू, आणि मधे तो माणूस एकटा. त्याला शेताच्या वाटणीविषयी बोलायचे असते, धाकट्या मुलीविषयी बोलायचे असते. ते विषय काढले की घरचे म्हणतात, "असं काहून बोलता, तुम्ही बरे होनार हा." बोलणे तिथेच संपते.

एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मूळच्या स्वित्झर्लंडच्या डॉक्टरबाईंनी अमेरिकेत शिकागो येथे एक साधी गोष्ट केली. बरे न होणाऱ्या रुग्णांजवळ बसून त्यांनी विचारले, तुम्हाला काय वाटते ते आम्हाला सांगाल का? तेथील डॉक्टरांना हे प्रथम रुचले नाही. रुग्णांपैकी अनेकांना मात्र कोणीतरी विचारल्याचे बरे वाटले. त्यावर त्यांचे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी पाच अवस्था वर्णन केल्या : नकार, राग, सौदेबाजी, खिन्नता आणि स्वीकार. मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांनी त्या पाठ केल्या असतील. परंतु या पायऱ्या नव्हेत. बाईंनीही पुढे स्पष्ट केले की, माणसाच्या भावना अशा रांगेत बसवण्याचा आपला हेतू नव्हता. माझ्या पाहण्यातही तसेच आहे. सकाळी शांतपणे नॉमिनीचे नाव सांगणारा माणूस दुपारी त्याच नॉमिनीवर, म्हणजे बायकोवर, वरणात मीठ कमी म्हणून ताट फेकतो. तिखट-मीठ हा तर निमित्ताचा भाग झाला. तोंडाला चवच उरलेली नसते.

चवीचा विषय निघालाच आहे, तर शरीराकडे येतो. आपल्या भागात तंबाखू आणि खर्रा यांनी जे केले आहे ते पानटपरीवर उभ्या असलेल्या तरुणांना सांगून पटत नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. प्रथम तोंड उघडेनासे होते, तिखट लागते, मग गालात न भरणारी जखम. त्यापुढे ज्यांचा आजार वाढतो, त्यांच्या जगण्यातून पहिली जाते ती भाकर. ज्वारीची भाकर कुस्करून दुधात, मग कण्या, मग आंबील, मग नाकातली नळी. आपल्याकडे पाहुण्याला "जेवले काय?" असे विचारतात, "कसे आहात?" असे विचारत नाहीत. ज्याच्या नाकात नळी आहे त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? असा माणूस लग्नाला जाणे सोडतो, पंगतीला जाणे सोडतो, विहारातल्या भोजनदानाच्या वेळी कारण काढून लवकर घरी निघून जातो. भूक ही एकट्याची असते, पण जेवण चारचौघांतले असते. आजाराने त्यातले जेवण जाते.

दुसरी जाते ती सही. ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात येण्याचे कारण नाही, बँकेतल्या माणसाच्या येते. तीस वर्षे ऐटीत सही करणाऱ्या माणसाचा हात अशक्तपणाने थरथरू लागतो आणि सही जुळत नाही. ज्या पिढीत आपल्या लोकांनी अंगठा सोडून सही शिकली, त्या पिढीला तिचे मोल वेगळे आहे. आपल्याच वस्तीतील एका वृद्ध गृहस्थांना मी म्हटले, "काका, अंगठा चालेल." ते म्हणाले, "माह्या बापानं अंगठा लावला, म्या नाही लावनार." शेवटी आम्ही त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, अर्धा तास बसवले, आणि चौथ्या कागदावर सही जुळली. दुसऱ्या महिन्यात मात्र ते स्वतःच अंगठा पुढे करून आले. त्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत. अशा वेळी शाई पुसायला कापसाचा बोळा देण्यापलीकडे आपल्या हातात काही नसते.

घरातली जागाही बदलते. जो पैसा आणतो आणि वाटतो, तोच एक दिवस औषधाच्या चिठ्ठीसाठी मुलाकडे हात पसरतो. बाईच्या बाबतीत उलट घडते. तिने आयुष्यभर सगळ्यांचे केलेले असते, आता तिचे कोणी करायचे हा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न प्रथम तिलाच पडतो. माझ्या अनुभवात पुरुषाच्या आजारासाठी शेत गहाण पडते आणि बाईच्या आजारासाठी "बघू, दिवाळीनंतर जाऊ" असे होते. हे बोलायला कडू आहे, पण मुदतठेवी कोणाच्या आजारासाठी मोडल्या जातात हे मी पाहतो. गर्भाशयाच्या मुखाचा किंवा स्तनाचा आजार बाई महिनोन्महिने सांगत नाही. जखम होते, वास येऊ लागतो, आणि ती आपली वाकळ उचलून ओसरीत झोपू लागते. घरचे म्हणतात, तिला गरम होते म्हणून. त्या वासावर औषध आहे, जखमेवर वापरायची साधी आणि स्वस्त पूड डॉक्टर लिहून देऊ शकतात. पण त्यासाठी कोणीतरी वास हा शब्द डॉक्टरांसमोर उच्चारावा लागतो. उपासिका भगिनींना माझी विनंती आहे की, हे काम पुरुषांकडून होणार नाही, ते तुम्हीच करावे.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो, कारण ती आपल्या घरांतली आहे. काही घरांत रुग्णाचा पेला वेगळा ठेवतात, ताट वेगळे, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. कर्करोग एका पेल्यातून पाणी प्याल्याने होत नाही, शेजारी बसल्याने, शिवल्याने, उष्टे खाल्ल्याने होत नाही. हे विज्ञान झाले. परंतु विज्ञान बाजूला ठेवले तरी मला नवल वाटते ते याचे की, ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांनी चहाच्या हॉटेलाबाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपबशीचा अपमान गिळला, ज्यांच्यासाठी १९२७ साली महाडला पाण्याचा सत्याग्रह झाला, त्याच समाजाच्या घरात आज फळीवर एक वेगळा पेला दिसावा! तो पेला रुग्णाला काय सांगतो हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळायला हवे? अमरावतीला तर तपोवन आहे. दाजीसाहेब पटवर्धनांनी तिथे कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या, तेही लोक त्या रोगाला प्रचंड भीत होते त्या काळात. गावाने टाकलेल्या माणसांनी तिथे शेती केली, उद्योग केले. असे उदाहरण डोळ्यांसमोर असताना न पसरणाऱ्या रोगासाठी आपण पेला वेगळा करतो.

उपचाराचा प्रवास हेही एक स्वतंत्र जगणेच असते. आपल्याकडून काहीजण नागपूरला जातात, काही अकोल्यातच उपचार घेतात, आणि बरेच अजूनही मुंबईला टाटाला जातात. परळचे हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यातून तशा इस्पितळाची कल्पना पुढे आली. संध्याकाळी अमरावतीहून निघणाऱ्या मुंबईच्या गाडीत, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करीत, प्रत्येक डब्यात एखादी तरी ती एक्स-रेची पिशवी असतेच.

आणि मुंबईला उतरायचे कुठे, तर दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत. बाबा आपलेच. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावला जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, अमरावतीच्या वाटेवर गेले. त्यांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. धर्मशाळा मात्र ठिकठिकाणी बांधल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. त्यांच्या मागे त्यांच्या मिशनने दादरची धर्मशाळा चालवली आहे, तिथे मुख्यतः कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. तिथे राहून आलेल्या अनेकांनी मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली, तिचे मला आरंभी आश्चर्य वाटले. ते म्हणतात, तिथे बरे वाटते. घरापेक्षा बरे. कारण तिथे सगळ्यांच्याच नाकात नळ्या, सगळ्यांचीच डोकी भादरलेली, कोणाचा जबडा काढलेला, कोणाची छाती. त्यामुळे कोणी टक लावून बघत नाही. बंगालचा माणूस आणि बुलढाण्याचा माणूस एकमेकांची भाषा न कळता दिवसभर शेजारी बसतात. गावी परत आले की मात्र एस.टी. स्टँडवर पोरे मागे लागतात. म्हणजे रुग्णाला जे बोचते त्यातला निम्मा भाग रोगाचा नसून आपल्या नजरांचा आहे, असे धर्मशाळेतल्या मंडळींच्या बोलण्यावरून दिसते.

बरे होण्याच्या उदाहरणांविषयी थोडे. भेटायला जाणारे लोक हमखास सांगतात, "शरद पवारांना बघा, २००४ साली ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते, आणि माणूस अजून महाराष्ट्र पालथा घालतो आहे." हे खरेच आहे, आणि ज्याचा आजार बरा होण्यासारखा आहे त्याला ते जरूर सांगावे. पण ज्याला डॉक्टरांनी सांगून टाकले आहे, त्याच्या मनात या उदाहरणाने अपराधीपणा येतो, की आपणच कुठे कमी पडलो. आर. आर. पाटील आबा राज्याचे गृहमंत्री होते, त्यांच्यापाशी इच्छाशक्ती कमी नव्हती. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने ते गेले, वय सत्तावन्न. आपले नामदेव ढसाळ, ज्यांनी मरणाच्या डोळ्यांत डोळे घालून कविता लिहिली, तेही १५ जानेवारी २०१४ रोजी कर्करोगानेच गेले. लढणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किती दिवस उरले, हा प्रश्न तरी किती विचित्र! गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी सांगतो. स्टीफन जे गूल्ड नावाचा अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होता. १९८२ साली त्याला पोटाच्या आवरणाचा, बरा न होणारा म्हणून ओळखला जाणारा कर्करोग निघाला. त्याने ग्रंथालयात जाऊन वाचले, तर या रोगात मध्यक आयुष्य आठ महिने. तो प्रथम सुन्न झाला, मग त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे लोक आठ महिन्यांच्या आत जातात. पण उरलेले निम्मे? त्यांच्यातले काही खूप पुढे जातात. तो त्यानंतर वीस वर्षे जगला आणि २००२ साली गेला. सगळ्यांचे असे होत नाही. मात्र डॉक्टर जो आकडा सांगतात तो पुष्कळ माणसांचा असतो, समोरच्या एकाचा नसतो. आपल्याकडे नातेवाईक तो आकडा ऐकतात आणि त्या दिवसापासून माणसाला वजा करून हिशेब मांडू लागतात.

रुग्णाचा स्वतःचा हिशेब वेगळाच चालतो. त्याचे कॅलेंडर बदललेले असते. पूर्वी वर्षांनी बोलणारा माणूस आता पेरणीपर्यंत, पोरीच्या बारावीच्या निकालापर्यंत, चौदा एप्रिलपर्यंत असे बोलतो. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन लागते, तेव्हा "या खेपेला पूर्ण ऐकीन" म्हणून येऊन बसणारे दोघेजण मला आठवतात. एकाला पूर्ण ऐकता आले. त्यांना मागच्या भिंतीला टेकून बसायला जागा लागत असे, बाकी काही मागणे नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, असा माणूस सतत मरणाचा विचार करीत असेल. तसे नसते. दुपारी चार वाजता चहा मिळणार की नाही याचाही विचार तो करीत असतो, आणि तो मिळाला तर त्याला आनंदही होतो. हा आनंद खोटा समजू नये.

आता वेदना. डॉक्टर नसूनही यावर बोलतो, कारण यातले अज्ञान फार महाग पडते. रात्री दोन वाजता कण्हणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून घर जागते आणि सगळ्यांची समजूत असते की या रोगात हे असे होणारच. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितले की, कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांच्या वेदना गोळ्यांनी आटोक्यात येतात. सौम्य औषधापासून चढत जायचे, तोंडाने द्यायचे, आणि वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायचे. शेवटच्या पायरीवर मॉर्फिन. ते अफूपासून होते, आणि ही अफू परवान्याने पिकते ती आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे. पण १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला, परवाने इतके झाले की इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. शेतात अफू आणि खाटेवर माणूस तळमळतो, अशी आपली गत झाली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सोपी केली गेली. तरी ते प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही. मान्यता असलेल्या रुग्णालयातून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे लागते. "सवय लागेल" ही भीती घरच्यांना असते. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या मापाने घेतलेल्या गोळीत ती भीती फार कमी असते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी डॉक्टरांना थेट विचारावे : यांच्या दुखण्यासाठी काय करता येईल? उपचार थांबले तरी हा प्रश्न थांबत नाही.

लंडनमध्ये सिसिली साँडर्स या बाईंनी हा विषय आयुष्यभर लावून धरला. आधी परिचारिका, मग रुग्णांची समाजसेविका, आणि आपले कोणी ऐकत नाही म्हणून मोठ्या वयात डॉक्टर. त्यांनी दाखवून दिले की दुखणे केवळ शरीराचे नसते; पैशाचे, पोराबाळांचे, अपमानाचे आणि अर्थ न लागण्याचे दुखणे त्यात मिसळलेले असते. याची सुरुवात एका गरीब, परदेशात एकट्या पडलेल्या पोलिश ज्यू वेटरपासून झाली. डेव्हिड टास्मा त्याचे नाव. त्याचा कर्करोग बरा होणारा नव्हता. आपण जगलो त्याची काही खूण राहणार नाही, हे त्याला सलत होते. १९४८ साली जाताना त्याने या बाईंना ५०० पौंड ठेवले, तुमच्या घरात माझी एक खिडकी असू दे, अशा अर्थाचे बोलून. ते घर उभे राहायला १९ वर्षे लागली. १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. आपल्या देशात असे पहिले ठिकाण मुंबईला वांद्र्याला शांती आवेदना सदन, १९८६ साली. विदर्भातल्या खेड्यातला माणूस तिथे पोचत नाही, हे उघड आहे; पण घराची खोली तशी करता येणे अशक्य नाही.

पाली वाङ्मयातली नकुलमातेची कथा इथे आठवते. नकुलपिता गंभीर आजारी. ती त्याच्याजवळ बसून "तुम्हाला काही होणार नाही" असे म्हणत नाही. ती म्हणते, काळजी घेऊन जाऊ नका. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी लेकरे वाढवीन, घर चालवीन. त्याच्या मनात जी जी शंका असेल ती ती ती स्वतःच उच्चारते आणि तिचे उत्तर देते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईने जे केले ते आपल्या शिकलेल्या घरांत होत नाही. कापसाच्या मुलखातल्या आपल्या बायांना तिची भाषा समजायला हरकत नाही. आणि खरेच, रुग्णाच्या उशाशी जे प्रश्न घोटाळत असतात त्यातले बरेचसे असेच साधे, घरखर्चाचे असतात.

त्यातल्या बँकेच्या प्रश्नांपुरते मी सांगू शकतो, म्हणून शेवटी तेवढे सांगतो. खाते एकट्याच्या नावावर असेल तर रुग्ण शुद्धीवर, हिंडता-फिरता असतानाच पत्नीचे किंवा मुलाचे नाव जोडून 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला' अशी सूचना लिहून द्यावी. नॉमिनी लावावा, १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवखात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. नॉमिनी हा रकमेचा मालक नसतो, वारसांच्या वतीने ती स्वीकारणारा असतो, हे घरात आधीच बोलून ठेवावे, नाहीतर तेराव्या दिवशी भांडणे होतात. सही जमत नसेल तर अंगठा, तोही जमत नसेल तर पायाचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली काढलेल्या सूचनेप्रमाणे सत्तरीपुढच्या व्यक्तींना आणि वैद्यकीय दाखला असलेल्या दीर्घ आजाऱ्यांना घरपोच मूलभूत सेवा देण्याची व्यवस्था बँकांनी करायची आहे, तेव्हा खाटेवरच्या माणसाला ऑटोत घालून शाखेत आणू नये, आधी शाखेत विचारावे. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये पूर्ण, आणि सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ठराविक नमुन्यात दाखला द्यावा लागतो. उपचाराच्या खर्चासाठी शासनाची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तिचा आरंभ २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत झाला त्यात अमरावती होता.

विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे अक्षर चांगले आहे अशा चार-पाच जणांनी हे फॉर्म भरून देण्याचे काम अंगावर घेतले तर मी त्यांना एका रविवारी विहारात बसून शिकवीन. फॉर्म मी आणीन. पेन आणि शाईचे पॅड तुम्ही आणा.

जय भीम.